तीन कागद आणि दोन एकर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०२५च्या पावसाळ्याच्या तोंडाशी माझी भाची तिच्या अब्बांना घेऊन माझ्याकडे आली. मोटरसायकलवर दिग्रसकडून दोघे भिजतच आले. टॉवेलने डोके पुसण्याआधी तिने प्लास्टिकच्या पिशवीतून तीन कागद काढले आणि टेबलावर मांडले. "मामू, यातला एक निवडायचा आहे. आठ दिवस आहेत."

पहिला कागद लंडनमधल्या एका विद्यापीठाचा होता. आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एक वर्षाची पदव्युत्तर पदवी आणि फीमध्ये पाच हजार पौंडांची सूट, असे त्यात लिहिले होते. दुसरा दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा, राज्यशास्त्राचे दोन वर्षांचे एम. ए., विशेष विषय आंतरराष्ट्रीय संबंध. तिसरा पुण्याचा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्र विभाग आहे, तिथल्या प्रवेशाचा.

मी साधा बी. ए. माणूस. तहसील कचेरीत कारकुनी केली, कविता लिहिल्या. खानदानात पहिला पदवीधर म्हणून असले कागद माझ्यापुढे येतात. एके काळी नागपूरला एम. ए.ला मला प्रवेश मिळाला होता. राहायची सोय झाली नाही म्हणून गेलो नाही. त्यामुळे माझा सल्ला निर्मळ नसणार, हे मला आधीच ठाऊक होते. मुलीने जावे, लांब जावे, असेच माझे मन म्हणत होते.

तिचे अब्बा, आमचे दुल्हेभाई, चहाचा कप हातात धरून बसले होते. मग म्हणाले, "मले त्यातलं काही समजत नाही. दोन एकर विकतो. गिऱ्हाईक हाये. तुम्ही फक्त सांगा, विकू का?" जमीन आहे चार एकर, कोरडवाहू.

आता प्रश्न येतो की दिग्रस तालुक्यातल्या कापूसवाल्याच्या पोरीला परराष्ट्रांचा अभ्यास हवाच कशाला? डी. एड. करावे, बँकेची परीक्षा द्यावी. गावात हे अनेकांनी तिला विचारले. तिचे उत्तर मला आवडले, म्हणून तुम्हाला सांगतो.

२०१७च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो दवाखान्यात पडली. ही तेव्हा शाळेत होती. ओळखीतला एक जण कित्येक दिवस डोळ्यांना पट्टी बांधून पडलेला तिने पाहिला. पुढे त्या प्रकरणात काही बाधित कुटुंबांनी स्वित्झर्लंडमधल्या एका कीटकनाशक कंपनीविरुद्ध तिथल्याच व्यवस्थेकडे तक्रार केली. २०२१मध्ये तिघांचा दावा बाझेल शहराच्या दिवाणी न्यायालयात गेला. कंपनीने जबाबदारी नाकारली. यवतमाळच्या शिवारातला मृत्यू आणि बाझेलचे कोर्ट यांच्यामध्ये कोणता रस्ता आहे, तो कोणी आखला, त्यावर कोण चालू शकतो, हे तिला शिकायचे आहे.

दुसरी गोष्ट कापसाची. आपल्याकडे भाव जिनिंगच्या फाटकावर कळतो, पण तो ठरतो फार लांब. २००३ साली बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतल्या चार गरीब देशांनी जागतिक व्यापार संघटनेत सांगितले की श्रीमंत देश आपल्या कापूसवाल्यांना जे अनुदान देतात त्याने आमचा शेतकरी मरतो. ब्राझीलने तर अमेरिकेविरुद्ध याच कारणासाठी तक्रार लढवली आणि जिंकली. २०१४मध्ये अमेरिकेने तीस कोटी डॉलर देऊन ते भांडण मिटवले. आणि इकडे २०२५च्या ऑगस्टमध्ये आपल्या सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ती मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. आपला कापूस बोंडात होता तेव्हाची ही गोष्ट. भाची म्हणते, "मामू, आपला कापूस कवाचाच परदेशात जाऊन आला, आपणच नाही गेलो." खरेच आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही आपली शकुंतला, आज बंद पडलेली, ती तरी कशासाठी टाकली होती? इथला कापूस मुंबईच्या गोदीपर्यंत नेऊन पुढे विलायतेच्या गिरण्यांत पोचवायला.

हा विषय स्वतंत्रपणे शिकवायला लागून जेमतेम शंभर वर्षे झाली. पहिल्या महायुद्धात लाखो माणसे मेली, तेव्हा राष्ट्रे लढतात का याचा अभ्यास झाला पाहिजे असे लोकांना वाटले. १९१९मध्ये वेल्समधल्या अॅबरिस्टविथ इथे या विषयाचे पहिले अध्यासन निघाले, १९२७मध्ये जिनिव्हाची संस्था. आपल्याकडे १९५५मध्ये दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झाले, ते १९७०मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाले. म्हणजे भाचीच्या हातातला दिल्लीचा कागद या देशातल्या या विषयाच्या सर्वांत जुन्या घरांपैकी एकाचा होता. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. लंडन या शब्दानेच मी दिपलो होतो.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करतो. राजदूत व्हायला या विषयाची पदवी लागत नाही. परराष्ट्र सेवेत जायचा रस्ता केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून जातो आणि तिला कोणत्याही विषयातली पदवी चालते. आपल्या वणीचे लोकनायक बापूजी अणे नागपूरला शिकले, यवतमाळला वकिली केली आणि १९४३ ते १९४७ सिलोनमध्ये हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून राहिले. तेव्हा "मुलगी परराष्ट्र खात्यात लागेल" एवढ्यासाठी कोणी चाळीस लाख घालत असेल तर त्याने घालू नयेत.

चाळीस लाख हा आकडा आला कुठून, ते सांगतो. आम्ही तिघांनी त्या रात्री हिशेब केला, माझ्या जुन्या कचेरीच्या वहीत. लंडनची फी चोवीस हजार पौंड, सूट जाऊन एकोणीस. इंग्लंडचे सरकार व्हिसा देताना राहण्याखाण्याचे पैसे दाखवायला सांगते. तेव्हा लंडनसाठी ते दरमहा १,४८३ पौंड होते, नऊ महिन्यांचे मिळून १३,३४७. नंतर तो आकडा आणखी वाढला. त्यावर वर्षाला ७७६ पौंडांच्या दराने आरोग्य अधिभार, व्हिसाची फी, विमानाचे तिकीट. पौंड एकशे पंधरा रुपयांना धरला तर बेरीज अडतीस लाखांच्या पुढे गेली. दुल्हेभाईंनी वही स्वतःकडे ओढून पुन्हा एकदा बेरीज केली. आकडा तोच आला.

पाच हजार पौंडांची सूट म्हणजे जवळपास पावणेसहा लाख रुपये. पत्रात ते ठळक अक्षरात होते आणि ते वाचून घरात मिठाई वाटली गेली होती. पण ती सूट होती, शिष्यवृत्ती नव्हती. बाजारात साडीवर सूट मिळाली म्हणून साडी फुकट होत नाही. ज्या घरात असे पत्र येईल त्या घराला माझी विनंती आहे, विद्यापीठ किती देते ते नंतर वाचा, आपल्याला किती भरायचे ते आधी लिहून काढा.

दोन एकर विकून वीस लाख येणार होते. उरलेल्या वीस लाखांचे कर्ज काढायचे. मी बँकेतल्या एका मित्राला फोन लावला. त्याने सांगितले की साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज साधारणपणे तारणाशिवाय होते, पुढे तारण लागते, आणि शेतजमीन तारण म्हणून बँका बहुधा घेत नाहीत. म्हणजे उरलेले दोन एकर बँकेच्या लेखी नाहीतच. घर गावठाणातले, त्याची किंमत ती काय! कुठून तरी वीस लाख उभे केलेच, तर अकरा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायला महिन्याला साडेसत्तावीस हजारांचा हप्ता. शिकत असतानाचे व्याज यात धरलेले नाही. लंडनमध्ये नोकरी लागली तर हा हप्ता फार नाही, पण इथे परत यावे लागले तर पहिला पगारच तेवढा असायचा. शिक्षणानंतर तिथे राहून काम शोधायला दोन वर्षे मिळतात, आणि १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष मिळणार आहे. शिवाय या विषयाची पदवी डॉक्टर किंवा नर्सच्या पदवीसारखी नाही, की कागद दाखवला आणि जागा मिळाली. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात उमेदवारी करायला मिळते खरी, पण तिला वेतन नाही. न्यूयॉर्क किंवा जिनिव्हात सहा महिने स्वखर्चाने राहू शकेल त्याच्यासाठी ती पायरी आहे.

मध्येच एक एजंट भेटला. मोठ्या शहरातले त्याचे दुकान. तो म्हणाला, पैसे नसतील तर आम्ही "दाखवतो". अठ्ठावीस दिवस तुमच्या खात्यात रक्कम राहील, नंतर आम्ही काढून घेऊ, दोन टक्के द्या. दुल्हेभाईंना आधी ही मदतच वाटली. मग मुलीने विचारले, "दाखवलेल्या पैशांनी मी तिथे जेवू का?" त्यावर त्याला उत्तर नव्हते. व्हिसा मिळतो आणि पोर परक्या देशात रिकाम्या हाताने उतरते, वर खोटेपणा उघडा पडला तर पुढचे दरवाजेही बंद होतात.

त्या आठवड्यात मी पुन्हा बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र उघडले. विलायतेला शिकायला जाणाऱ्या पोराच्या पैशाची गोष्ट म्हणून ते मी त्याआधी कधी वाचले नव्हते. १९१३च्या फेब्रुवारीत वडील वारले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. अट अशी की परत येऊन दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१५मध्ये एम. ए. झाले, प्रबंधाचे काम चालू ठेवले आणि १९१६मध्ये लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सही आणि ग्रेज इनही. १९१७मध्ये मुदत संपली, पैसा बंद झाला. अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. निघण्यापूर्वी एक गोष्ट मात्र त्यांनी केली, चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेतली. बडोद्याला नोकरीवर गेले तर राहायला जागा कोणी देईना, ती कथा तुम्हाला ठाऊक आहे. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसा मागे टाकला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज घेतले, आणि १९२०मध्ये पुन्हा लंडन गाठले. १९२१मध्ये एम. एस्सी., १९२३मध्ये डी. एस्सी.

मी हे भाचीला वाचून दाखवले. एवढा बुद्धिमान माणूस, आणि पैसा संपला तिथे त्यालाही थांबावे लागले. पण तो थांबला तेव्हा परतीची परवानगी खिशात होती. भाचीने विचारले, "म्हणजे आधी कमवायचं, मग जायचं?" मी म्हटले, मला ठाऊक नाही, पण लंडनच्या विद्यापीठाला विचार की एक वर्षाने आलो तर चालेल का.

तिने विचारले. उत्तर आले, प्रवेश पुढे ढकलता येईल, सूट ढकलता येणार नाही. ती मागे पडली. हे असे असते. विचारायला मात्र काही पडत नाही.

मग शिष्यवृत्त्यांचा शोध. इथे आमची बरीच निराशा झाली. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याजाची सवलत देणारी "पढो परदेश" ही केंद्राची योजना २०२२-२३पासून बंद झाली. त्याच सुमारास मौलाना आझाद फेलोशिपही बंद झाली. गावात अजून लोक सांगतात, "अरे, मुसलमानांच्या पोरींना तर सरकार देते." देत होते, आता ते खाते मिटले आहे. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना मिळते. ती चांगली योजना आहे, पण आमच्यासाठी नाही. राज्याच्या अल्पसंख्याक विभागानेही अलीकडे परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती काढली आहे, जागा थोड्या आणि विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वर असले पाहिजे. अशा योजनांमध्ये आधी क्रमवारी बघावी, मग अर्ज करावा. प्रवेश घेऊन मग क्रमवारी बघणारे रडताना मी पाहिले आहेत.

ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती सगळा खर्च देते, पण तिला २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. भाचीचा अनुभव शून्य. बुलडाणा जिल्ह्यातले शेतकऱ्याचे पोर राजू केंद्रे यांनी आपल्या यवतमाळात "एकलव्य"चे काम सुरू केले, खेड्यातल्या मुलांना देशातल्या मोठ्या विद्यापीठांची वाट दाखवली, आणि त्यानंतर २०२१मध्ये चेव्हनिंगवरच लंडनच्या सोआसला शिकायला गेले. आधी काम, मग लंडन. युरोपची इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्ती अनुभव मागतेच असे नाही. निवड झाली तर फी नाही आणि महिन्याला चौदाशे युरो मिळतात, शिक्षण किमान दोन देशांत. तिचे अर्ज मात्र बहुधा हिवाळ्यात असतात, म्हणजे आम्ही सहा महिने उशिरा जागे झालो होतो. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, पण वर्षाचे ११,९०४ युरो आधी बंद खात्यात ठेवावे लागतात, आणि या विषयाचे चांगले वर्ग पुष्कळदा जर्मन भाषेत भरतात. फुकट गोष्टीलाही बारा-तेरा लाख रुपये लागतात, हे ऐकून दुल्हेभाई पहिल्यांदा हसले.

राहिले दिल्ली आणि पुणे. पुण्याची फी काही हजारांत, पण खोलीचे भाडे फीपेक्षा जड. युद्ध, सुरक्षा, सीमा यांत ज्याला रस आहे त्याने पुण्याला जरूर जावे. भाचीचा जीव व्यापार आणि करारमदारांत. दिल्लीची शिकवणी फी आजही वर्षाला काही शे रुपये आहे, मेसचे बिल महिन्याला काही हजार. वसतिगृह पहिल्या दिवशी मिळेलच असे नाही, दोन-तीन महिने बाहेर काढावे लागतील असे तिथल्या मुलांनी सांगितले. ते पैसे आम्ही हिशेबात धरले. दोन वर्षांचे सगळे मिळून अडीच लाखांच्या आत बसत होते. एम. ए. करताना नेटची परीक्षा देऊन कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली तर पीएच. डी.साठी महिन्याला ३७ हजार मिळतात. म्हणजे तिथून पुढचा रस्ता निदान स्वतःच्या पायांनी चालता येतो.

आणि एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नसती, ती भाचीच्या आली. बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली या चारही कापूसवाल्या देशांत कारभार फ्रेंचमध्ये चालत आला आहे. दिल्लीच्या त्या विद्यापीठात फ्रेंच शिकता येते. लंडनच्या एका वर्षात भाषेला वेळच नव्हता.

माझे मन तरीही लंडनकडेच ओढत होते, हे कबूल केले पाहिजे. मी तिला एकदा म्हणालोही, "बेटा, संधी पुन्हा येत नाही." ती म्हणाली, "मामू, जमीन पुन्हा येते का?" मी गप्प बसलो. माझ्या एम. ए.चे ओझे मी तिच्या डोक्यावर ठेवत होतो.

आठव्या दिवशी तिने लंडनला नकाराचे पत्र लिहिले, चार ओळींचे, माझ्या टेबलावर बसून. दुल्हेभाईंनी गिऱ्हाइकाला फोन केला. तो फोनवर बराच वेळ समजावत होता की भाव असा पुन्हा मिळणार नाही. हे ऐकून घेत होते, "हो भाऊ, हो भाऊ" करत, आणि शेवटी म्हणाले, "नाही विकत."

जुलैत आम्ही तिला नागपूरला दिल्लीच्या गाडीत बसवून दिले. तिच्या अम्मीने चिवडा, लाडू आणि ज्वारीचे पीठ बांधून दिले होते. पिठाचे दिल्लीत काय करणार, हे कोणी विचारले नाही. वसतिगृह ऑक्टोबरात मिळाले, तोवर तिघी मुलींनी मिळून एक खोली केली. खर्च धरल्यापेक्षा नऊ हजारांनी वाढला, तो मी दिला. कापूस उशिरा निघाला. पावसाने पहिली वेचणी काळी पडली. हमीभाव लांब धाग्याला ८,११० रुपये, पण ओलाव्याचे मोजमाप झाले की हाती कमीच येते. त्या दोन एकरांतही कापूसच होता.

परवा तिचा फोन आला. इरॅस्मसचा अर्ज या वर्षी भरायचा की एम. ए. संपताना, हे विचारत होती. मी म्हटले, शिफारसपत्रे देणारे दोन शिक्षक तुला नावाने ओळखतात का? म्हणाली, एक ओळखतात. मग तिने मला फ्रेंचमध्ये कापसाला काय म्हणतात ते सांगितले. शब्द कानाला "कोतों" असा लागला. मी दुल्हेभाईंना सांगितला. ते म्हणाले, "भाव काय हाये तिकडं, ते विचारा तिले."